गोल्फ शिकताना सुरुवातीला जुनेच बॉल घ्या

नवे महागडे बॉल आत्ता नकोतच. पहिले काही महिने बरेचसे तळ्यात नाहीतर झाडीत जाणार, मनाला लावून घेऊ नका.

फक्त 'यूज्ड' आणि 'रिफर्बिश्ड' यांत गल्लत नको. यूज्ड म्हणजे सापडलेला बॉल धुऊन, प्रत ठरवून विकलेला. रिफर्बिश्डवर नवा रंग आणि नवा छाप असतो. त्याखाली जुने घाव झाकले जातात, बॉल पाण्यात किती काळ पडून होता तेही कळत नाही. शिवाय रंग बॉलवरच्या बारीक खळग्यांत साचला की बॉल हवेत भलतीकडे वळू शकतो. मी तरी घेत नाही.

घेताना एवढं बघा:
- पेनाची खूण, किरकोळ ओरखडा चालेल. नख अडकेल अशी चीर नको.
- सगळे एकाच मॉडेलचे घ्या. दरवेळी वेगळा बॉल असेल तर पटिंगचा, म्हणजे भोकाजवळ बॉल हळूच ढकलण्याचा, अंदाज बसत नाही.

आणि हो, रेंजचे, म्हणजे सरावाच्या मैदानावरचे, पट्टेवाले बॉल खिशात घालू नका! कॉम्प्रेशनचं, म्हणजे फटक्याला बॉल किती दबतो त्याचं, नंतर बघू.