तळ्याचं पाणी चहासारखं का दिसतं, आणि ते घाण असतं का?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे मागून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पवईहून टाम्पेरेला राहायला गेलात. सुट्टीसाठी जंगलातल्या तळ्याकाठी लाकडी घर भाड्याने घेतलंत आणि तळ्याचं पाणी निघालं कोऱ्या चहासारखं. हात बुडवला की तांबूस दिसतो. हे सांडपाणी आहे का, गंज आहे का, आठ वर्षांच्या मुलीला पोहू द्यावं का, आणि पवईचं हिरवं पाणी यापेक्षा बरं की वाईट, असं तुम्ही विचारलंय.

माझी चोवीस वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत गेली. त्यातली दोन फिनलंडमध्ये, अशाच तपकिरी पाण्यावर काम करण्यात. तुमच्या वर्णनावरून तो रंग जंगलाचा आणि दलदलीचा आहे, सांडपाण्याचा नाही. मुलीला पोहू द्या. पण एक काळजी घ्यावी लागेल, ती शेवटी सांगते.

आधी घरच्या घरी एक गोष्ट करून बघा. काचेच्या ग्लासात ते पाणी भरा, मागे पांढरा कागद धरा आणि ग्लास रात्रभर तसाच ठेवा. आपल्याकडे जुलैत नदीचं गढूळ पाणी असं ठेवलं की सकाळी तळाशी गाळ बसतो आणि वर निवळ येते, कारण त्यात मातीचे कण असतात. तुमच्या ग्लासात सकाळीही रंग तसाच असेल आणि पाणी आरपार दिसेल. तिथे रंग देणारा पदार्थ विरघळलेला आहे. प्रयोगशाळेत आम्ही ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून पाणी काढतो आणि जे पार होतं त्याला विरघळलेलं धरतो. फिनलंडचं हे पाणी गाळणीतूनही तपकिरीच उतरतं.

तळ्याचं पाणी हा त्याच्या पाणलोटाचा काढा असतो. पाणलोटात काय आहे, ते किती वेळ भिजलं आणि किती थंडीत भिजलं, यावर काढ्याचा रंग ठरतो. फिनलंडची सुमारे एक तृतीयांश जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची आहे. जमीन बारा महिने ओली, थंडी कडक, आत प्राणवायू नाही. त्यामुळे स्फॅग्नम मॉस (दलदलीत वाढणारी मऊ, शेवाळासारखी वनस्पती), स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या सुया, मुळं, साली वर्षानुवर्षं नुसत्या मुरत राहतात. बर्फ वितळला किंवा पाऊस पडला की त्या थरांतून पाझरलेलं पाणी तळ्यात येतं.

त्या काढ्यात असतं काय? सुटा असा एक पदार्थ सांगता येत नाही. लाकडाला ताठपणा देणाऱ्या लिग्निनचे तुकडे, चहाला तुरटपणा देणारं टॅनिन, मॉसमधली फिनॉलवर्गीय द्रव्यं, सूक्ष्मजीवांनी चावून टाकलेले अवशेष, असे हजारो वेगवेगळे रेणू एकत्र असतात. त्यांतल्या मोठ्या गटाला ह्यूमिक पदार्थ म्हणतात. १७८६ मध्ये आखार्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पीट अल्कलीत उकळून तो काळा अर्क आम्लाने साकळवला, म्हणजे त्याचा गाळ खाली बसवला. आम्ही अजून जवळपास तेच करतो. चंचुपात्रात काळपट तपकिरी द्रव असतो, त्यात थेंब थेंब आम्ल सोडायचं. पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा (जितका कमी तितकं आंबट), २ च्या खाली गेला की द्रव आधी धुरकट होतो, मग कॉफीच्या चोथ्यासारखा गाळ खाली बसू लागतो. तो ह्यूमिक आम्लांचा. वर सोनेरी पिवळं स्वच्छ पाणी उरतं, त्यात फुल्विक आम्लं असतात. हे मी शेकडो वेळा केलंय, तरी गाळ बसायला लागला की हातातलं काम थांबवून बघत राहते. हा चोथा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या रेणूंत बेंझिनसारखी वलयं असतात. ती अतिनील आणि निळा प्रकाश भरपूर शोषतात, तांबडा जवळजवळ सोडून देतात. म्हणून तुमचा हात पाण्याखाली तांबूस दिसतो. गंजाची शंकाही अगदीच चुकीची नव्हती. हे पदार्थ लोहाला धरून ठेवतात आणि त्याने रंग आणखी गडद होतो. हिरड्याच्या पाण्यात गंजका खिळा टाकला की ते काळं पडतं, त्याच जातकुळीचं हे रसायन आहे.

आता पवई. तिथला सेंद्रिय पदार्थ तळ्यातच जन्मतो. सांडपाण्याबरोबर नायट्रोजन आणि फॉस्फरस येतो, त्यावर शैवाल आणि जलपर्णी माजते, ती मरते, कुजते. शैवालात लिग्निन नसतं. त्यातून पाण्यात उतरतात ती प्रथिनं आणि शर्करांच्या साखळ्या. त्यांना स्वतःचा रंग फारसा नसतो, हिरवेपणा जिवंत पेशींचा असतो. त्या पाण्याला मातीचा वास येतो तो बऱ्याचदा जिओस्मिनमुळे. पहिल्या पावसाच्या मृद्गंधातही हेच द्रव्य असतं.

पाणी बाहेरचं खाऊन जगतं की घरचं, हे ओळखायची जुनी खूण म्हणजे कर्ब आणि नायट्रोजनचं प्रमाण. शैवालात नायट्रोजनच्या एका अणूमागे कर्बाचे साधारण सहा-सात, जमिनीवरच्या पाचोळ्यात वीसच्या वर, लाकडात शंभरच्याही पुढे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये बर्ज आणि ज्यूडे या शास्त्रज्ञांच्या जोडीने पाचशेहून अधिक तळ्यांचं पाणी आटवून हे प्रमाण मोजलं आणि १९३४ मध्ये छापलं. तळ्याच्या पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवसृष्टीपेक्षा विरघळलेला सेंद्रिय पदार्थ कितीतरी पट जास्त असतो, हेही त्यांनीच दाखवलं. आज आम्ही २५४ नॅनोमीटरवर पाणी किती प्रकाश शोषतं ते बघतो आणि त्याला कर्बाच्या प्रमाणाने भागतो. आकडा मोठा आला की जंगल, लहान आला की शैवाल, असा ढोबळ हिशेब.

मग आपल्या सह्याद्रीतही घनदाट जंगल आहे, तिथली धरणं तपकिरी का नाहीत? मला हा प्रश्न फार आवडतो. आपल्याकडे उष्णतेने आणि वाळवीने पाचोळा भराभर संपतो, पीट साचतच नाही. जो अर्क खाली मुरतो त्याला तांबड्या मातीतली लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं पकडून ठेवतात. जूनमध्ये रानातल्या कातळाच्या खळग्यात पानं भिजून साचलेलं पाणी बघा, ते हुबेहूब तुमच्या तळ्यासारखं असतं, कारण तिथे मध्ये माती नाही.

पाणी तळ्यात किती काळ मुक्काम करतं, याचाही रंगावर परिणाम होतो. ऊन हे रेणू तोडतं, तुकडे जिवाणू खातात, त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. स्वीडनच्या व्हेटर्न सरोवरात पाणी सुमारे साठ वर्षं राहतं आणि ते काचेसारखं नितळ आहे. तुमचं तळं लहान, पाणी लवकर बदलतं, काढा ताजाच राहतो.

शेजारचे आजोबा सांगत होते की त्यांच्या तरुणपणी तळं इतकं तपकिरी नव्हतं, असं तुम्ही लिहिलंय. त्यांचं बरोबर असू शकतं. १९७०-८० च्या दशकांत युरोपातल्या कोळशाच्या धुरातलं गंधक आम्लपाऊस होऊन नॉर्डिक देशांवर पडत होतं. माती आंबट झाली आणि ह्यूमिक पदार्थ मातीतच अडकले. चंचुपात्रातला चोथा आठवा, तेच अख्ख्या पाणलोटात घडत होतं. १९८५ मध्ये गंधक कमी करण्याचा करार हेलसिंकीतच झाला, हवा सुधारली, मातीचा आंबटपणा उतरू लागला आणि अडकलेला काढा पुन्हा सुटला. उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपातल्या ५२२ तळ्या-ओढ्यांच्या १९९० ते २००४ च्या नोंदींवरून हे २००७ मध्ये नीट मांडलं गेलं. म्हणजे आजोबांच्या तरुणपणचं नितळ पाणीच कदाचित आजारी होतं. अर्थात सगळं श्रेय स्वच्छ हवेला देता येत नाही. वनशेतीसाठी फिनलंडने आपल्या निम्म्याहून अधिक पीटभूमीत चर खणले आणि त्यांतूनही हा पदार्थ तळ्यांत वाहतो. ते नुकसान माणसाचंच, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

हे पाणी पिऊ मात्र नका. आणि भारतातून नेलेल्या क्लोरीनच्या गोळ्यांवर तर मुळीच विसंबू नका. ह्यूमिक पदार्थ क्लोरीन खाऊन टाकतात, जंतूंसाठी उरतच नाही. वर क्लोरोफॉर्मसारखी द्रव्यं तयार होतात. १९७४ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाण्यात रूक या रसायनशास्त्रज्ञाने ते शोधलं. शैवालाचं पाणीही यातून सुटत नाही. एका शुद्धीकरण केंद्रात धरण हिरवं झाल्यावर आम्ही क्लोरीन वाढवत गेलो आणि तरी शेवटच्या नळाला क्लोरीनचा आकडा शून्य येत होता, ते दिवस मी विसरलेले नाही. आधी सेंद्रिय पदार्थ काढायचा, मग क्लोरीन, हा क्रम चुकवायचा नाही. हेलसिंकीला पायेन्ने सरोवराचं पाणी १२० किलोमीटर लांब बोगद्यातून येतं, १९८२ पासून. ते तुलनेने स्वच्छ पाणीही आधी लोहाच्या क्षाराने साकळवतात, आपण तुरटी वापरतो तसं.

मासे पकडणार असाल तर हाउकीबद्दल, म्हणजे पाईक माशाबद्दल सांभाळा. ह्यूमिक पदार्थांबरोबर जमिनीतला पाराही तळ्यात येतो आणि शिकारी माशांत साठतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हाउकी खाऊ नये, आणि मुलांनी महिन्यातून एक-दोनदाच खावा, असा तिथल्या अन्न प्राधिकरणाचा सल्ला आहे.

आता पोहण्याचं. गडद पाणी ऊन वरच्या थरातच शोषून घेतं, म्हणून छातीपर्यंत कोमट लागतं आणि पाय खाली गेले की एकदम बर्फासारखं. लेकीला आधी तुमच्यासमोर काठाशी ते अनुभवू द्या. शिवाय या पाण्यात हातभर खाली गेलेलं मूल दिसेनासं होऊ शकतं. निळा किंवा काळा पोहण्याचा पोशाख नको, चटक नारिंगी घ्या, तोच रंग या पाण्यात टिकतो. तिच्यापासून हाताच्या अंतरावर स्वतः पाण्यात उभे राहा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये काठाला हिरव्या रंगाचा साका किंवा वाटाण्याच्या सारासारखा थर दिसला तर ती निळी-हिरवी शैवालं समजा. त्या दिवशी पोहणं बंद.