वाचकांचे प्रश्न : पासवर्ड बदलला, पुढे काय?

प्रश्न : काही वर्षांपूर्वी मी एका खरेदीच्या संकेतस्थळावर खाते उघडले होते. ‘आमच्याकडील ग्राहकांची माहिती चोरीला गेली आहे’ असा ईमेल त्यांच्याकडून परवा आला. मी तेथील पासवर्ड लगेच बदलला. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : पुरेसे नाही, पण त्याआधी एक शंका. पासवर्ड बदलताना आपण त्या ईमेलमधील लिंकवरून गेलात का? चोरीची बातमी फुटली की तिच्या आडून नकली सूचनाही फिरू लागतात, म्हणून अशा वेळी पत्ता स्वतः टाइप करून किंवा अधिकृत ॲप उघडूनच आत शिरावे. लिंकवरून गेला असाल, तर पासवर्ड आजच पुन्हा बदला.

आता मुख्य मुद्दा. चोराला त्या दुकानातील आपल्या खात्यात फारसा रस नसतो. ईमेल आणि पासवर्ड यांची जोडी हाती आली की तो ती यंत्राकरवी इतर असंख्य संकेतस्थळांवर लावून पाहतो, आणि आपण तोच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल, तर तेथील कुलूप तोडावेच लागत नाही. जनुकीय चाचणी करणाऱ्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकी कंपनीच्या बाबतीत २०२३ मध्ये हेच घडले. इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून चोर सुमारे १४,००० खात्यांत शिरले. पण नातलग शोधण्याच्या सोयीमुळे ती खाती इतरांशी जोडलेली असल्याने सुमारे ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. त्यांतील बहुतेकांचा स्वतःचा पासवर्ड फुटलेलाच नव्हता.

तेव्हा जुना पासवर्ड, किंवा शेवटचा आकडा बदलून केलेले त्याचे भावंड, जेथे जेथे वापरले असेल तेथे बदलावे. सुरुवात ईमेलपासून करावी, कारण ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर बाकीच्या बहुतेक खात्यांची नवी किल्ली तेथेच येऊन पडते. मात्र तेथे नुसता पासवर्ड बदलून थांबू नये. सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ हे दोन भाग उघडून पाहावेत. चोराने एकदा आत शिरून, येणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत स्वतःकडे वळवण्याचा नियम लावून ठेवला असेल, तर पासवर्ड बदलल्यानंतरही तो नियम निमूटपणे काम करत राहू शकतो. ‘बँक’ हा शब्द असलेली पत्रे परस्पर कचरापेटीत टाकणारा नियमही लावता येतो, म्हणजे इशारा येतो आणि आपल्याला दिसतच नाही. अनोळखी नियम काढून टाका, सर्व उपकरणांवरून लॉग आउट करा आणि दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण मागण्याची सोय, सुरू करा. ती एसएमएसपेक्षा ॲपमधील कोडवर किंवा पासकीवर (फोनच्या लॉकने, म्हणजे बोटाच्या ठशाने किंवा पिनने, उघडणाऱ्या डिजिटल किल्लीवर) ठेवलेली बरी, कारण फसवणुकीने आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम काढून घेतले जाऊ शकते.

प्रश्न : पासवर्ड मॅनेजर वापरला, तर सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात जात नाहीत का?

उत्तर : जातात. मॅनेजर म्हणजे सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डच्या कुलपात जपून ठेवणारे ॲप, तेव्हा आपली भीती अनाठायी नाही. २०२२ मध्ये ‘लास्टपास’ या अशाच एका मॅनेजरच्या ग्राहकांच्या पासवर्ड-तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरांनी उचलून नेल्या. आतील पासवर्ड सांकेतिक रूपात होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते. शिवाय तिजोरी चोराच्या घरी पोहोचली, की मुख्य पासवर्ड कोणता असेल याचे अंदाज तो सवडीने, हवे तितक्या वेळा लावून पाहू शकतो. तरीही मी मॅनेजर वापरा असेच सांगेन, कारण शंभर निरनिराळे पासवर्ड कोणाच्याही लक्षात राहत नाहीत आणि मग माणूस एकच सगळीकडे लावतो. मुख्य पासवर्ड मात्र सोडत काढावी तशा, एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा शब्दांचा असावा. ॲप नकोच असेल, तर घरात जपून ठेवलेली वही चालेल. वहीत लिहिणाऱ्यांना हसण्याची रीत आहे, ती मला पटत नाही. इंटरनेटवरून येणाऱ्या चोराला वही वाचता येत नाही.

प्रश्न : पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलावा का?

उत्तर : नाही. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेनेही २०१७ पासून ही सक्ती नको असेच सांगितले आहे; पासवर्ड फुटल्याचे दिसले, की मात्र लगेच बदलावा.

प्रश्न : नोंदणी करताना जन्मतारीख आणि ‘आईचे माहेरचे आडनाव’ विचारतात. खरे सांगावे का?

उत्तर : बँकेत किंवा कायद्याने आवश्यक असेल तेथे जन्मतारीख खरीच द्यावी, इतरत्र रकाना ऐच्छिक असल्यास रिकामा सोडावा. ‘याहू’तील २०१३ ची चोरी सर्व ३ अब्ज खात्यांपर्यंत पोहोचली होती, असे कंपनीने २०१७ मध्ये मान्य केले, त्या माहितीत जन्मतारखा आणि काही खात्यांच्या सुरक्षाप्रश्नांची उत्तरेही होती. पासवर्ड बदलता येतो, आईचे आडनाव बदलता येत नाही. म्हणून सुरक्षाप्रश्नाला काहीतरी असंबद्ध उत्तर द्यावे आणि ते मॅनेजरमध्ये किंवा त्याच वहीत लिहून ठेवावे, नाहीतर पुढे खाते परत मिळवताना आपणच बाहेर राहाल.