रडरला सुकाणू चालेल, पण एलिव्हेटरला उद्वाहक?

प्रश्न असा आलाय: पायपर जे-3 कब या छोट्या विमानाचं बाल्साचं (हलक्या लाकडाचं) मॉडेल करताना शेपटी खऱ्या विमानासारखी कशी करायची ते मराठीत लिहायचंय, तर कंट्रोल सरफेसला (विमान वळवणाऱ्या हलत्या भागांना) 'नियंत्रण पृष्ठभाग', रडरला (शेपटीचा उभा, डावी-उजवीकडे वळवणारा भाग) 'सुकाणू' नि एलिव्हेटरला (शेपटीचा आडवा, नाक वर-खाली करणारा भाग) 'उद्वाहक' चालेल का?

सुकाणू बिनधास्त लिहा. मूळ अरबी 'सुक्कान', पण आपल्याकडे इतका मुरलाय की 'पक्षाचं सुकाणू हाती घेतलं' हे समुद्र न पाहिलेला माणूसही सहज बोलतो. फक्त सुकाणू म्हणजे मागचा हलणारा भाग, तेवढाच. त्याच्या पुढचा उभा, न हलणारा भाग म्हणजे फिन, त्यालाही सुकाणू म्हटलंत तर वाचणारा दोन्ही एकाच तुकड्यात कापून मोकळा होईल.

उद्वाहक मात्र नको. सरकारी इमारतीत लिफ्टवर तोच शब्द असतो, वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मजलेच येणार. शिवाय एलिव्हेटरची झडप वर केली की शेपटी खाली दबते आणि त्यामुळे नाक वर जातं, म्हणजे तिथे थेट काही उचललं जातच नाही. इमारतीतल्याला आपण लिफ्टच म्हणतो त्यामुळे एलिव्हेटर हा शब्द मोकळाच आहे, तो तसाच ठेवा.

आणि हो, वर मी झडप म्हटलं ते मुद्दाम. 'नियंत्रण पृष्ठभाग' लिहिलंत आणि पुढच्याच ओळीत 'पृष्ठभागाला सँडपेपर मारा' आलं की कुठे मारायचा तेच कळत नाही. एका कडेला बिजागरीवर बसलेली, उघडमीट होणारी फळी म्हणजे झडप, खिडकीला असते तशीच, मग दुसरा शब्द कशाला शोधायचा? 'झडपेची बिजागरीकडची कड गोल घासा, म्हणजे ती वर-खाली झाली तरी फट वाढणार नाही' हे वाक्य बघा, कुणालाही कळेल. फट मोठी राहिली की हवा तिच्यातून निसटते नि झडपेचा जोर कमी होतो, शिवाय दिसायलाही खोटं दिसतं. कबची खरी शेपटी स्टीलच्या नळ्यांवर कापड ताणून केलेली, त्यामुळे पातळ नि कडेला गोल असते, जाड चौकोनी फळी ठेवू नका.

आता महत्त्वाचं. एलिव्हेटरच्या पुढच्या आडव्या भागाला, स्टॅबिलायझरला, 'स्थिर पंख' लिहायचा मोह होईल, पण कबमध्ये तो स्थिर नाहीच! ट्रिमसाठी (स्टिक सतत धरून न ठेवता विमान सरळ उडावं यासाठीची बारीक जुळवणी) एलिव्हेटरवर वेगळी पट्टी नसते, केबिनमधलं हँडल फिरवलं की अख्खा पंखच पुढच्या बाजूने वर-खाली होतो. म्हणून नुसतं 'आडवा पंख' लिहा, आणि तो बॉडीत शिरतो तिथे पुढच्या कडेपाशी उभी खाच दाखवा, मॉडेलमध्ये पंख चिकटवलेला असला तरी. सर्व्हो (झडप हलवणारी छोटी मोटर), पुशरॉड (तिथून झडपेपर्यंतची काडी), हॉर्न (काडी अडकवायचा झडपेवरचा तुकडा) हे शब्द तसेच राहू द्या, दुकानात त्याच नावाने मागावे लागतात.