लेपा की लेपो?

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय: "आमच्या घरी त्या चपट्या माशाला सगळे 'लेपो' म्हणतात. मुलीच्या निबंधात तो शब्द आला, तर तांबड्या शाईनं खोडून वर 'लेपा' लिहून आलं. लेपो अशुद्ध आहे काय? आणि औषधाच्या लेपाशी या माशाचा काही संबंध?"

ताई, अशुद्ध मुळीच नाही. मराठीत घोडा, आंबा, मासा. कोकणीत घोडो, आंबो, मासो. लेपा-लेपो ही त्याच घरातली जोडी. बेळगाव-खानापूरला मासळी गोव्याकडून चोर्ला नाहीतर अनमोड घाट चढून येते, तेव्हा नावही तिकडचंच आलं. आणि हा भेद फक्त एकवचनापुरता. बेळगावच्या कॅम्पातल्या फिश मार्केटात कुणी "लेपे कसे दिले?" म्हटलं, तर बोलणारा मराठी की कोकणी, ते त्या शब्दावरून ओळखून दाखवा! अनेकवचन दोन्हीकडं 'लेपे', आणि प्रत्यय लागला की दोन्हीकडं 'लेप्या-'. खोडाखोड झाली ती एका मात्रेसाठी. (मंगळूरकडं गेलात तर मात्र 'नंगू' म्हणावं लागेल.)

आता औषधाचा लेप. तो अकारान्त, म्हणून 'लेपाचा वास'. मासा आकारान्त, म्हणून 'लेप्याचं कालवण'. व्याकरणानं दोघांना वेगळं ठेवलंय. तरी मूळ एकच असावं असं माझं मत आहे: संस्कृत 'लिप्' धातू, ज्यातून आपलं लिंपणंही आलं. मत असं का, ते मासा बघितल्यावर कळतं. उथळ समुद्रात, चिखल-वाळूच्या तळावर हा अंग टाकून पडतो, भुई लिंपल्यागत. वरची बाजू तपकिरी, चिखलात मिसळून जाणारी, खालची पांढरी. तळातले किडे आणि बारीक कवचवाले जीव हे त्याचं खाणं.

पण जन्मतः तो असा चपटा पडलेला नसतो, हे मला फार विलक्षण वाटतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू इतर माशांसारखं उभं पोहतं, दोन बाजूंना दोन डोळे. वाढता वाढता उजवा डोळा डोक्यावरून सरकत डावीकडं येतो, तोंड वाकडं होतं, आणि मग पिल्लू उजव्या कुशीवर तळाला टेकतं ते कायमचं. पुढच्या खेपेला लेपे साफ करताना, कातडं सोलायच्या आधी, दोन्ही डोळे एकाच बाजूला शेजारी-शेजारी आहेत ते मुलीला दाखवा.

भाकस मासा वेगळा. तोही चपटाच, पण तोंड मोठं, दात टोकदार, आणि डोळे कुणाचे डावीकडं तर कुणाचे उजवीकडं.

दुसऱ्या भाषांनीही लेप्याचा चपटेपणाच पकडलाय. इंग्रजीतलं 'सोल' लॅटिनमधल्या चपलेच्या शब्दावरून आलं. शास्त्रीय नावातल्या 'सायनोग्लोसस'चा ग्रीक अर्थ कुत्र्याची जीभ. मला यांत आपला लेपा सरस वाटतो. चप्पल आणि जीभ नुसता आकार सांगतात. लेपा तो मासा कसा राहतो ते सांगतो.

मुलीला सांगा, निबंधाच्या स्वतःच्या वाक्यात 'लेपा' लिही. आजीच्या तोंडी वाक्य असेल तिथं 'लेपो'च ठेव, अवतरणचिन्हांत.