पडदे ओढून पाहिलेली मॅच

१९ ऑक्टोबर २०२४

प्रिय बाळा,

तुझा फोन आला तेव्हा मी अनारशांच्या तांदळाचं पाणी बदलत होते. ओल्या हातानेच सगळं ऐकलं आणि 'बघू' म्हणून फोन ठेवला. रात्रभर झोप नाही. म्हणून आता नीट लिहिते.

तुझं म्हणणं असं, की इथल्या, ब्रिटनमधल्या आपल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा नवा नेता निवडायची मतपत्रिका घरी आली आहे, आणि उमेदवार दोनच उरलेत. जेनरिकला मत द्यावं तर तो म्हणतो, युरोपीय मानवी हक्क करारातून बाहेर पडू आणि स्थलांतरावर कायद्याने मर्यादा घालू. बेडनॉकबाईंना द्यावं तर त्या म्हणतात, सगळ्या संस्कृती काही सारख्याच मोलाच्या नसतात. तिकडे कॉव्हेंट्रीत तुझी मावसबहीण केअर होममध्ये दुसऱ्यांच्या आयांना आंघोळ घालते, आणि तिची स्वतःची चार वर्षांची पोर व्हिसाच्या नियमामुळे सिन्नरला आजीजवळ. "कुणालाही दिलं तरी घरच्याच माणसाला लागणार, मावशी. त्यापेक्षा ब्रिटिश पासपोर्ट हातात येईपर्यंत गप्प बसतो."

या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं. अरे, ४ जुलैला तू सार्वत्रिक निवडणुकीत मत दिलंस ते कुठल्या पासपोर्टवर? भारताच्याच ना? राष्ट्रकुलातला नागरिक इथे राहत असेल तर संसदेसाठी मत देतो, पक्षाचा सभासद असेल तर नेताही निवडतो. कायद्याने तुला घरात घेतलंय आणि तू अजून उंबऱ्यावर चपला हातात धरून उभा आहेस.

पाहुण्याला विचारलं भाजी कशी झालीय, तर तो म्हणतो वा, छान. घरचा माणूस म्हणतो, मीठ घालायला विसरलीस. मी या देशात सेहेचाळीस वर्षं आहे आणि त्यातली निदान तीस 'वा, छान' म्हणण्यात घालवली.

१९९० ची गोष्ट सांगते. तुझा जन्मही नव्हता. त्या एप्रिलमध्ये आपल्या पक्षाचे माजी अध्यक्ष नॉर्मन टेबिट एका अमेरिकन वर्तमानपत्राला म्हणाले, की आशियातून आलेले लोक क्रिकेटमध्ये कुणाच्या बाजूने ओरडतात ते बघा, म्हणजे त्यांची निष्ठा कुठे आहे ते कळेल. आणि नेमका त्याच उन्हाळ्यात भारताचा संघ इथे खेळायला आला. पक्षाच्या प्रचारपत्रकांच्या घड्या घालायला आम्ही सहा-सात जण एका बाईंच्या दिवाणखान्यात बसायचो, तिथे कुणीतरी मला हसत हसत विचारलं, "मग तू कुणाच्या बाजूने?" मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "इंग्लंड, अर्थात!" सगळे खूश. एकीने मला जास्तीचं बिस्किट दिलं. ते बिस्किट मी खाल्लं.

घरी काय? लॉर्ड्सवर इंग्लंडच्या गूचने ३३३ केले आणि फॉलोऑन टाळायला आपल्याला चोवीस हवे होते, हातात एकच विकेट. कपिलने हेमिंग्जला लागोपाठ चार सिक्स मारले. तुझे काका सोफ्यावर उभे राहिले. आणि मी उठून पुढच्या खोलीचे पडदे ओढले, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. ऑगस्टमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर सतरा वर्षांच्या सचिनने पहिलं शतक काढून मॅच वाचवली, तीही आम्ही भर दुपारी पडदे ओढूनच पाहिली. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याने विचारलं, "आई, आपण काही वाईट करतोय का?"

आज तो मराठीत दोन वाक्यांपुढे जात नाही. लोक म्हणतात शाळेमुळे. मला ते पडदे आठवतात.

टेबिट एक वेळ परवडले रे. त्यांनी प्रश्न विचारला होता, खोटं उत्तर मी दिलं. 'दोघांच्याही बाजूने, आणि सचिन असेल तर फक्त सचिनच्या' असं म्हटलं असतं तर काय झालं असतं? एक बिस्किट कमी. एवढंच.

तू म्हणशील, मावशी, हे क्रिकेट झालं, इथे प्रश्न व्हिसाचा आहे. तेच सांगतेय. मिसळणं म्हणजे काय ते तू इथे कायम राहायला द्यावी लागणाऱ्या त्या चोवीस प्रश्नांच्या परीक्षेतून शिकलास. हेन्री आठव्याच्या सहा बायका पाठ केल्यास, अठरा बरोबर आले की पास. कायम राहण्याच्या परवान्याला २,८८५ पौंड मोजलेस. ते सगळं ठीक. पण ती फी भरून झाली, बाळा. आता त्याच्यावर आणखी गप्प बसण्याची फी कोण मागतंय तुझ्याकडे? कुणीही नाही. तूच खिशात हात घालतोयस.

आता उमेदवारांचं. तुला खरं तर क्लेव्हर्ली हवा होता, हे मला माहीत आहे. बर्मिंगहॅमला पक्षाच्या अधिवेशनात त्याने 'जरा नॉर्मल होऊ या' म्हटलं आणि तू विरघळलास. मीही थोडी विरघळले. आपल्यापुढे येणारे दोघे आधी खासदार निवडतात; ८ ऑक्टोबरला त्यांच्या मतांत तो ३९ घेऊन पहिला, दुसऱ्या दिवशी ३७ घेऊन घरी. बेडनॉक ४२, जेनरिक ४१. आपल्या खासदारांच्या हुशारीबद्दल मी न बोललेलं बरं, १२१ च उरलेत बिचारे. पण एक लक्षात ठेव. केअर वर्करला मुलंबाळं आणता येणार नाहीत, ही घोषणा ४ डिसेंबर २०२३ ला संसदेत कुणी केली? गृहमंत्री म्हणून याच क्लेव्हर्लीने, ज्याची आई सिएरा लिओनहून इथे नर्सिंगला आली होती. आणि सरकार कुणाचं? ज्या सुनकांसाठी तू सभासद झालास त्यांचं. ११ मार्चपासून नियम लागू झाला, तुझी बहीण एप्रिलमध्ये उतरली. अवघ्या काही आठवड्यांच्या फरकाने पोर तिकडे राहिली.

म्हणून 'आपल्यासारखा दिसणारा' हा हिशोब सोड. बेडनॉकबाई जन्मल्या विम्बल्डनला, वाढल्या लागोसला, सोळाव्या वर्षी परत आल्या, मॅकडोनाल्ड्समध्ये काम केलं. २०१७ च्या पहिल्या भाषणात त्यांनी सांगितलं होतं, की मैलभर लांबच्या बोअरवेलवरून गंजक्या बादल्यांतून पाणी आणायचे. ते ऐकून मला भरून आलं होतं. १९७२ च्या दुष्काळात आटपाडीला मीही सोळा वर्षांची होते, डोक्यावर घागर आणि टँकरची वाट. पण पाणी वाहिलेली बाई दुसऱ्या पाणी वाहणारीला रांगेत पुढे घेईलच, असं मी गावातही पाहिलं नाही. संस्कृतीबद्दल त्या म्हणाल्या त्यातलं निम्मं मला पटतं. माझ्या गावात सुनेला कसं वागवायचे ते मी पाहिलंय, त्याला 'संस्कृती' म्हणून कुणी ओवाळायला नको. उरलेलं निम्मं ऐकताना मात्र वाटतं, बाई, कुणाची संस्कृती, नाव घेऊन सांगा ना! जेनरिकचं उलट. त्याला आकडा हवा आहे. आकड्यात सिन्नरची पोर कुठे बसते, हे त्याला कुणी विचारलंय का?

कुणी विचारलं नसणार. आपण पाहुणे ना.

आपल्या मुंबईचे सर मंचरजी भावनगरी तुला माहीत नसतील. दादाभाई सगळ्यांना माहीत, ते लिबरल. भावनगरी आपल्या पक्षाचे, १८९५ ते १९०६ बेथनल ग्रीनचे खासदार. टीकाकारांनी त्यांच्या आडनावाची मोडतोड करून 'बो अँड अग्री' केलं होतं, म्हणजे वाकायचं आणि 'हो' म्हणायचं. पूर्ण खरं नव्हतं ते. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांसाठी हा माणूस संसदेत सतत बोलला. तरी चिकटलं ते नावच. ते खासदार असतानाच, १९०५ मध्ये, पक्षाने परकीयांना अडवण्याचा कायदा केला, तोही मुख्यतः ईस्ट एंडमध्ये येणाऱ्या गरीब ज्यूंकडे बघून. वाद तेव्हाचाच आहे. दारात उभं राहणारे तेवढे बदलले.

"मग तू अजून या पक्षात का?" हे तू विचारलं नाहीस, पण माझा मुलगा दर नाताळला विचारतो. त्याला देत नाही ते उत्तर तुला देते. १९६८ मध्ये आपल्याच पक्षाच्या इनॉक पॉवेलने स्थलांतरितांविरुद्ध ते भाषण केलं तेव्हा पक्षनेते हीथनी त्याला दुसऱ्याच दिवशी छाया मंत्रिमंडळातून काढलं. १९७२ मध्ये युगांडातून इदी अमीनने हाकललेल्या सुमारे २८ हजार आशियाई लोकांना याच हीथच्या सरकारने घेतलं, लेस्टरची महापालिका 'इकडे येऊ नका' म्हणून युगांडात जाहिरात देत असताना. त्यातल्याच एका गुजराती शेजारणीने मला पत्रकाची तिहेरी घडी शिकवली. आम्ही कर्ज काढून घर घेतलं, उधार कुणाचं ठेवलं नाही, मुलाला अभ्यासाला बसवलं. माझा स्वभावच त्या पक्षाचा आहे; पक्षाचा स्वभाव अधूनमधून बिघडतो, त्याला मी काय करू? घर बिघडलं म्हणून सोडून जाणं हे पुन्हा पाहुण्याचंच काम. आता हे सगळं मी तुला पटवतेय की स्वतःला, ते विचारू नकोस.

मत कुणाला देणार ते मी सांगणार नाही. माझी मतपत्रिका तांदळाच्या डब्याखाली आहे. तुझं तू ठरव. पण कोरी टाकून दिलीस तर माझ्याकडे फराळाला येऊ नकोस, खरंच सांगते.

आणि त्याआधी एक कर. पुढच्या गुरुवारी सभासदांची बैठक आहे. तू मागच्या ओळीत बसतोस आणि चहाचे कप उचलायला मदत करतोस. कप राहू देत. उभा राहा आणि विचार, की दोघांपैकी कुणाचं म्हणणं असं आहे का, की चार वर्षांच्या मुलीला आईपासून लांब ठेवल्याने ही कुटुंबं इथे जास्त चांगली मिसळतील? कुटुंबाचं नाव घेणाऱ्या पक्षाला विचारायचा प्रश्न आहे तो. आवाज चिरकेल. चिरकू दे. सगळे जण छताकडे बघतील. बघू देत. मीठ कमी आहे हे कुणीतरी सांगायला हवं, आणि मी आता जे बोलते त्यावर 'म्हातारी आहे' म्हणून सगळे गोड हसतात.

मतदान ३१ तारखेला संध्याकाळी पाचला बंद होतं. त्या दिवशी नरक चतुर्दशी. ऑनलाइन दिलंस तर अभ्यंगस्नान करूनही वेळ उरेल, पण टपालाने पाठवणार असशील तर सोमवारीच टाक. निकाल पाडव्याला, २ नोव्हेंबरला. तेव्हा जेवायलाच ये. बहिणीलाही आण, तिची रात्रपाळी नसेल तर. येताना तिचे व्हिसाचे कागद आणि पोरीच्या जन्मदाखल्याची प्रत घेऊन ये. तिच्या खासदाराला पत्र लिहायचंय, तो आपल्या पक्षाचा नसला तरी चालेल. इंग्रजी तू लिही, तुझं बरं आहे. सही तिची, आणि खाली आपल्या दोघांची.

तुझी,
मावशी