वाचक विचारतात : सापांची जोडी आणण्याआधी

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथन हे परदेशी, बिनविषारी साप पाळून पुढे पिल्लं काढायचा विचार आहे. सुरुवात किती सापांनी करावी?

कॉर्न स्नेकचा एक नर आणि दोन माद्या. बास. त्याहून जास्त साप पहिल्या तीन वर्षांत घेऊ नका.

कारण अगदी बाजारहाटाचं आहे. एक मादी साधारण दहा ते वीस अंडी घालते. दोघींची मिळून तीस पिल्लं निघाली, तर प्रत्येकाला वेगळा डबा लागेल आणि आठवड्याला किमान एक पिंकी, म्हणजे उंदराचं नवजात पिल्लू. महिन्याला झाल्या सव्वाशेच्या वर पिंक्या. पांढऱ्या उंदरांची मादी एका वेताला आठ-दहा पिल्लं देते आणि गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा असतो. म्हणजे एका नरामागे तीन-चार माद्या धरून पंधरा तरी माद्या सतत वेतात हव्यात. नर उंदरांच्या मुताचा वास फ्लॅटमध्ये लपत नाही, शेजाऱ्यांच्या नाकाचा आधी विचार करा. नाहीतर गोठवलेल्या पिंक्यांसाठी वेगळा छोटा फ्रीझर घ्या. घरच्या आइस्क्रीमशेजारी ती पिशवी ठेवली की छंद तिथेच संपतो. घरात धरलेले उंदीर मात्र कधीही देऊ नका. त्यांनी ब्रोमाडायोलोनसारखं विष खाल्लेलं असू शकतं आणि ते सापालाही मारू शकतं.

बॉल पायथन अंडी कमी घालतो, चार ते आठ. पण थंडीत महिनोन्‌महिने तोंड मिटून बसतो आणि नवशिक्याचा धीर सुटतो. शिवाय त्याचे कागद जास्त.

पिल्लंच विकत घ्या. मादी तीन वर्षांची आणि किमान ३०० ग्रॅमची होईपर्यंत नराजवळ सोडायची नाही. त्याआधी अंडी धरली तर ती आत अडकण्याचा धोका असतो. नवा साप ९० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने आणि वेगळ्या पाण्याच्या भांड्याने सांभाळा. पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके तरंगताना किंवा बुडालेले दिसले, तर ते सापाचे माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक परजीवी. एका डब्यातून दुसऱ्यात तुमच्या हातावरून जातात.

मी पन्हाळ्याजवळ सर्पमित्र म्हणून काम करतो. बांधकामावर धामणीची अंडी बऱ्याचदा सापडतात. ती उबवून पिल्लं पाळली तर चालेल का?

नाही. धामण, नाग, अजगर, मांडूळ, दिवड, आपल्या रानातला कुठलाच साप घरात ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली तो गुन्हा आहे, मग पिल्लं विकायची असोत की नुसती बघायची. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. अंडी सापडली की वनविभागाला कळवा आणि ते सांगतील तसं करा.

परदेशी सापांतही एक खड्डा आहे. पिवळाधमक अल्बिनो बर्मीज पायथन 'परदेशी' म्हणून दाखवला जातो, पण हा अजगर ईशान्य भारतात रानात सापडतो आणि पहिल्या अनुसूचीत आहे. रेटिक्युलेटेड पायथनचंही तेच. रंग बदलला म्हणून कायदा बदलत नाही.

बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे याच अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो चौथ्या अनुसूचीत येतो. २०२४ च्या नियमांनुसार तो ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो. जन्म, मृत्यू, हस्तांतर यांचीही नोंद असते. म्हणून विकणाऱ्याकडे त्याच्या स्वतःच्या नोंदणीची प्रत आधी मागा. ती नसेल तर तुमचा अर्ज पहिल्याच पायरीवर अडतो. कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही, तरी तो कायदेशीर मार्गाने आलेल्या सापांचाच वंश आहे हे दाखवणारी खरेदीची पावती जपून ठेवा. पिल्लं नियमित विकायची झाली तर २०१८ चे पेट शॉप नियमही वाचून घ्या.

गच्चीवरची पत्र्याची खोली रिकामी आहे. तिथे रॅक लावला तर? आणि लाइट गेली तर काय करायचं?

पत्र्याची खोली नको. कोल्हापुरात सापाला थंडीपेक्षा एप्रिल-मे महाग पडतो. कॉर्न स्नेकला डब्याची एक बाजू २९-३० अंश आणि दुसरी २३-२५ अंश लागते. खोलीच ३६ वर गेली की गार बाजू उरतच नाही. थर्मोस्टॅट डब्याखालची ऊब देणारी हीट मॅट बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. सगळ्यात खालच्या मजल्यावरची, पश्चिमेचं ऊन न लागणारी खोली निवडा. फरशीलगतचा कप्पा वरच्यापेक्षा गार असतो, तो उन्हाळ्यासाठी राखा. एअर कूलर लावला तर हवेतला ओलावा वाढतो, त्यापेक्षा गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून डब्यावर ठेवणं बरं.

रॅक उद्यमनगरात लोखंडी अँगलचा करून घेता येतो. डबा आणि वरची फळी यांत फट दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पिल्लू पेन्सिलीपेक्षा बारीक असतं, त्याला तेवढीही फट पुरते की नाही ते आधी रिकाम्या डब्यावर तपासा. हीट मॅट डब्याच्या एक तृतीयांश तळाखालीच आणि थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) मॅट व डबा यांच्या मध्ये चिकटवलेला. प्रोब डब्यात आत सोडला तर साप तो सरकवतो किंवा त्यावर पाणी सांडतं. मग मॅट तापत राहते आणि पोट भाजतं.

वीज : सहा डब्यांच्या मॅट मिळून १२० वॅट धरा. १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास, प्रत्यक्षात हजार धरा. आठ तास निघतात.

पावसाळ्यात उलट. आपल्याकडे जुलैत हवा ओलीच असते आणि कॉर्न स्नेकला ४०-५० टक्के ओलावा पुरतो. बाजूंना जास्त भोकं पाडा, कोकोपीट काढून वर्तमानपत्राची रद्दी घाला आणि ओली झाली की बदला. पोटाचे खवले तपकिरी होऊन फुगले तर तो ओलीचाच परिणाम. सर्पांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठा.

मादीने अंडी घातली, पण आठवड्यात काही पिचकली आणि एकावर बुरशी आली. काय चुकलं?

बहुतेक पाणी चुकलं. अंडी ज्यात ठेवायची ते व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) आणि पाणी समान वजनाने घ्या, मापाने नव्हे. शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. मुठीत घट्ट दाबल्यावर एखादा थेंबच यावा, धार नको. सुरुवातीला अंडं पिचकलं तर ओलावा कमी आहे. अंड्यावर पाणी शिंपडू नका, डब्याच्या कडेने व्हर्मिक्युलाइटमध्ये सोडा. शेवटच्या आठवड्या-दोन आठवड्यांत पिचकणं मात्र साधं आहे.

अंडी जशी पडली तशीच उचला, वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा आणि उलटू नका. एकमेकांना चिकटलेली असतील तर सोडवू नका. बुरशी आलेलं अंडं खाली टॉर्च धरून बघा. आत लाल रेषा दिसल्या तर ते जिवंत आहे, कोरड्या कापसाने बुरशी पुसा. पिवळं, धुरकट आणि रेषा नाहीत तर ते वाया गेलंय. सुटं असेल तर काढा, चिकटलेलं असेल तर राहू द्या.

आता उबवण्याचं तापमान. २७ ते २९ अंशांत कॉर्न स्नेकची अंडी साधारण ५५ ते ६५ दिवसांत फुटतात. पण आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत माद्यांना सहा-आठ आठवडे १५-१८ अंशांवर विश्रांती दिली आणि फेब्रुवारीअखेर जोडी लावली, तर अंडी एप्रिल-मेमध्ये येतात. नेमका ऐन उन्हाळा! इन्क्युबेटर ऊब देतो, गारवा नाही. ३३-३४ वर अंडी मरतात किंवा पाठीचा कणा वाकडा निघतो. बंद पडलेला जुना फ्रिज यासाठी उत्तम. जाड भिंती, आत पाण्याने भरलेल्या बाटल्या, खालच्या कप्प्यात छोटी हीट मॅट. खोली फारच तापली तर दुपारी एखादी थंड बाटली आत. फ्रिजच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, लाल मुंग्यांना अंड्याचा वास लगेच लागतो.

विश्रांतीपूर्वी दोन आठवडे खाणं बंद ठेवायचं, विसरू नका. थंडीत पोटातलं अन्न पचत नाही, सडतं.

अल्बिनो 'हेट' जोडी विकत घेतली. सगळी पिल्लं अल्बिनो निघतील का?

नाही. अल्बिनो हा गुण अप्रभावी आहे. 'हेट' म्हणजे तो गुण अंगात असलेला, पण दिसायला साध्या रंगाचा साप. दोन्ही पालक हेट असतील तर प्रत्येक अंड्यामागे शक्यता २५ टक्के. बारा अंड्यांत तीन निघतीलच असं नाही, कधी एकही निघत नाही, कधी पाच निघतात. साध्या रंगाच्या पिल्लांपैकी दोन-तृतीयांश हेट असण्याची शक्यता असते, पण नुसतं बघून ती ओळखता येत नाहीत. विकताना 'शक्य हेट' असंच लिहा.

पिल्लं खात नाहीत.

पहिली कात टाकेपर्यंत थांबा, सात-दहा दिवस. मग कोमट पाण्यात तापवलेली पिंकी द्या, ती नाही खाल्ली तर तिचं डोकं किंचित चिरून द्या. रात्री पिल्लाला पिंकीसह भोकं पाडलेल्या छोट्या वाटीएवढ्या डब्यात अंधारात ठेवा आणि सकाळपर्यंत उघडून बघू नका.