२५० ओहमच्या हेडफोनला वेगळा अ‍ॅम्प लागतोच का? बजेट कमी आहे

तुम्ही लिहिलंय की बायरडायनॅमिकचे डीटी ९९० प्रो हेडफोन घेतलेत, २५० ओहमवाले, फोन आणि लॅपटॉपवर ऐकता, आवाज तसा पुरतो पण "अजून दम हवा" असं वाटतं, आणि जो तो सांगतो की अ‍ॅम्पशिवाय (सिग्नल मोठा करणाऱ्या वेगळ्या यंत्राशिवाय) हे हेडफोन खुलतच नाहीत. एवढ्यावरून तरी मी म्हणेन की लगेच अ‍ॅम्प घेऊ नका. फार तर एक यूएसबी-सी डॉंगल (पोर्टला लावून त्यात हेडफोन जोडायचा छोटा अडॅप्टर), आणि तोही थोडा हिशोब करून झाल्यावर.

लोक ओहमचा आकडा (इम्पीडन्स, म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा) बघूनच घाबरतात, पण नुसत्या ओहमवरून काहीच कळत नाही, खरा आकडा असतो सेन्सिटिव्हिटीचा, जो बॉक्सवर कुठेतरी कोपऱ्यात बारीक छापलेला असतो. तुमच्या हेडफोनचा ९६ डेसिबल आहे, म्हणजे १ मिलीवॅट दिला की एवढा आवाज. आता फोनच्या जॅकमधून किंवा साध्या डॉंगलमधून साधारण अर्धा ते एक व्होल्ट निघतो. २५० ओहमला १ व्होल्ट दिला तर ४ मिलीवॅट होतात, पॉवर चौपट म्हणजे ६ डेसिबल वाढ, म्हणजे १०२ डेसिबलपर्यंत जाता येतं. अर्धाच व्होल्ट असेल तर ९६. हा आकडा पीकचा, म्हणजे क्षणभराच्या सगळ्यात मोठ्या आवाजाचा आहे हं, सरासरी आवाज त्याच्या खाली असतो. आजकालची दाबून मास्टर केलेली (चढउतार कमी करून तयार केलेली) गाणी सरासरीपेक्षा १० डेसिबलच्या आसपासच वर उसळतात, सिम्फनीसारखं काही असेल तर हा फरक २० पर्यंत जातो. म्हणजे १ व्होल्टवर पॉप गाणं सरासरी ९० च्या वर वाजू शकतं, आणि जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक म्हणते, त्यामुळे ९० रोज ऐकायला लागलात तर अ‍ॅम्पच्या आधी कानाच्या डॉक्टरांचा खर्च काढून ठेवावा लागेल. सिम्फनी मात्र त्याच १ व्होल्टवर ८२ च्या आसपास थांबेल, तिथे काही जणांना कमी वाटू शकतं, ते मान्य.

सेन्सिटिव्हिटी वाचताना एक गोची आहे आणि तिथे भलेभले फसतात. काही कंपन्या आकडा १ मिलीवॅटला देतात, काही १ व्होल्टला, आणि दोन्ही ठिकाणी नुसतं "डीबी" एवढंच डोळ्यात भरतं. एकेजी के७०२ घ्या, ६२ ओहम, १०५ डेसिबल, वाटतं की अरे हा तर कुठेही जोरात वाजेल, पण तो आकडा व्होल्टचा आहे, मिलीवॅटमध्ये आणला तर ९३ च्या आसपास येतो, म्हणजे तुमच्यापेक्षा कमी. तेव्हा दोन हेडफोनची तुलना करताना आधी एकक बघा.

आणि ओहम कमी म्हणजे सोपं, हेही खोटं. हायफायमॅनचा एचई-६ फक्त ५० ओहमचा आहे पण सेन्सिटिव्हिटी ८३.५, त्याला ११० डेसिबलच्या पीकला साधारण ४५० मिलीवॅट लागतात, पावणेपाच व्होल्ट आणि वर ९५ मिलीअँपिअर करंट, हे कुठल्याही फोनच्या आवाक्यातलं नाही. उलट सेनहायझर एचडी ६००, ३०० ओहमचा, त्याच आवाजाला त्याला २० मिलीवॅट पुरतात. व्होल्टेज लागतं अडीच, पण करंट जेमतेम ८ मिलीअँपिअर. तुमचा डीटी ९९० याच्याच जवळचा आहे, त्यालाही व्होल्टेज हवं, ताकद-बिकद नको. "हाय इम्पीडन्स म्हणजे दणकट अ‍ॅम्प" हे म्हणूनच मला कधी पटलं नाही.

आता घरी बसून फुकटात करायची परीक्षा. सिस्टिमचा आणि अ‍ॅपचा, दोन्ही व्हॉल्यूम बघा, फोनमध्ये व्हॉल्यूम लिमिट चालू असेल तर बंद करा, इक्वलायझर काढा, आणि तुमच्याकडचं सगळ्यात हळू रेकॉर्ड केलेलं गाणं लावा. ८०-९० टक्क्यांवर कान तृप्त होत असतील तर अ‍ॅम्पने आवाजाची पातळी सोडून फारसं काही बदलणार नाही. १०० वर नेऊनही कमी पडत असेल, किंवा वरच्या टोकाला बेस फाटत असेल, तर मात्र सोर्स, म्हणजे फोन किंवा लॅपटॉप, कमी पडतोय. व्हॉल्यूम ९० टक्क्यांवर असणं म्हणजे फोन धापा टाकतोय असं नसतं, बऱ्याच जणांना तो आकडाच खुपतो.

तुमचा "दम" मला वाटतं बेसचा किंवा एकूण टोनचा प्रश्न आहे. त्यावर अ‍ॅम्प घेणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. या हेडफोनचा ट्रेबल (वरच्या पट्टीचा आवाज) मुळातच चढा आहे, तो इक्वलायझरने थोडा उतरवा आणि मग बेस ऐका, फरक कुठल्याही अ‍ॅम्पपेक्षा मोठा पडेल आणि पैसे शून्य. फक्त एक, बेस ६ डेसिबल वाढवलात तर क्लिपिंग (आवाज फाटणं) टाळायला इक्वलायझरचा प्रीअ‍ॅम्प (एकूण पातळीचा स्लायडर) तेवढाच खाली घ्यावा लागतो, म्हणजे हातात अर्धंच व्होल्टेज उरतं, आणि इथे मात्र अर्ध्या व्होल्टचा फोन खरंच अपुरा पडू लागतो. जास्त ताकदीचा सोर्स घ्यायचं मला पटणारं कारण हेच आहे, "खुलणं" वगैरे नाही. इअरपॅडही बघून घ्या, चपटे झालेले असतील तर टोन बदलतो.

मग लोकांना अ‍ॅम्प बदलल्यावर फरक ऐकू येतो तो काय सगळाच भास? नाही. एक तर थोडा जास्त आवाज आपल्याला नेहमी "चांगला" वाटतो, दोन अ‍ॅम्पची पातळी सारखी न करता केलेली तुलना म्हणूनच मी धरतच नाही (मल्टिमीटर असेल तर हेडफोन लावलेले ठेवून ५० हर्ट्झचा टोन वाजवा आणि दोन्हीकडे व्होल्ट सारखे करा, आवाज बेताचाच ठेवून). पण दुसरं कारण खरं आहे, आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अ‍ॅम्पचा स्वतःचा अडथळा. तुमच्यासारख्या डायनॅमिक हेडफोनचा इम्पीडन्स सगळीकडे २५० नसतो, बेसच्या भागात तो बराच वर जातो, त्यामुळे ट्यूबवाल्या काही अ‍ॅम्पसारखा १०० ओहमच्या आसपासचा आउटपुट असेल तर बेस फुगतो आणि लोक त्याला उबदार आवाज म्हणतात. आवडला तर आवडला, पण तोही एक प्रकारचा इक्वलायझरच झाला, फक्त महागातला. साधा नियम असा की आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, तुमच्या बाबतीत ३० ओहमच्या आत, आणि बहुतेक डॉंगल १-२ ओहमचेच असतात.

लॅपटॉपच्या जॅकमधून खरखर किंवा माउस हलवला की चिरचिर येत असेल तर तो वेगळा विषय, त्याला डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा भाग) बाहेर न्यावा लागतो, त्याच जॅकला अ‍ॅम्प जोडलात तर खरखर मोठी होऊन ऐकू येईल. डॉंगलमध्ये डॅक आणि अ‍ॅम्प दोन्ही असतात म्हणून बजेटमध्ये मी तिकडेच ढकलतोय. अ‍ॅपलचा डॉंगल १ व्होल्टचा आहे, युरोपात विकला जाणारा अर्ध्या व्होल्टचा, शिवाय काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज मुळातच कमी येतो, तेव्हा घ्यायच्या आधी तुमच्या फोनवर लावून बघा.

परीक्षेत सोर्स खरंच नापास झाला तर २ व्होल्ट देणारा डॉंगल शोधा. २५० ओहमला २ व्होल्ट म्हणजे १६ मिलीवॅट, म्हणजे १०८ डेसिबल पीक, तुमच्या हेडफोनला त्यापुढे काही नको. स्पेसिफिकेशनमध्ये "३२ ओहमला इतके मिलीवॅट" एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावर जाऊ नका, ३०० ओहमचा आकडा किंवा व्होल्टेज विचारा. पुढे कधी आयईएम (कानात घालायचे इन-इअर मॉनिटर) घ्यायचा विचार असेल तर लो गेन (सिग्नल कमी वाढवणारी सेटिंग) आहे ना तेही बघा, नाहीतर शांत जागी नुसती सूं-सूं ऐकत बसाल.